विहिरीची पलीकडची बाजू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या घरात दूधवाल्याचा हिशेबसुद्धा मी दोनदा तपासतो, आणि त्यावरून घरचे मला हसतात. अशा माणसाच्या पोटात काही दडलेलं असेल, हे कुणाच्या मनात तरी कसं येणार?

आधी अण्णासाहेबांबद्दल सांगतो. त्यांच्यावाचून हे सांगताच येत नाही — की मी मुद्द्याला यायचं टाळतो आहे? थोडं टाळतही असेन.

अण्णासाहेब नगरचे नामांकित वकील. मी त्यांचा कारकून. राहात्याच्या एका गरीब घरातून ते शिकायला आले आणि वार लावून जेवले — रोज वेगळ्या घरी. एक वार कुणी द्यायला तयार नव्हतं, तेव्हा आठवड्यातून एक दिवस उपास घडे. पुढे वकिली चालली, आणि अशी चालली की पक्षकार मुंबईच्या बॅरिस्टरांना सोडून त्यांच्याकडे येत. त्या पैशातून त्यांनी मुलांसाठी वसतिगृह काढलं, दवाखाना काढला. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. त्या काळी यावरून गावात काय काय बोललं गेलं! अण्णासाहेब स्वतः त्याच पंगतीत जाऊन बसले. मग बोलणारे गप्प झाले.

पण मला सगळ्यात मोठं वाटे ते रविवारचं काम. रविवारी त्यांच्या ओसरीवर फी नव्हती. बांधाचं, वाटेचं, पाण्याचं भांडण घेऊन दोन्ही पक्ष यायचे — कधी कधी एकाच बैलगाडीतून, वाटभर भांडत. "कोर्टात वकील खातील, इथं मी फक्त चहा पितो," असं म्हणून अण्णासाहेब त्यांना बसवून घेत. दोघांनी त्यांना पंच मानलं की ते निवाडा देत. त्यांचा नियम एकच होता. जागा स्वतः पाहिल्याशिवाय निवाडा नाही. नुसतं पाहणं नव्हे, हात लावून पाहणं. ते म्हणत, "कागदाला कुणीतरी बोलायला लावतं. दगडाला कोण लावणार?"

त्यांच्या निवाड्यावर कुणी कोर्टात गेलेलं मला आठवत नाही. एवढा विश्वास एका माणसावर! मी तो रोज जवळून पाहत होतो.

लढाईची वर्षं होती. तिसगावच्या शिवारातल्या एका विहिरीचं भांडण आलं. एका बाजूला भागूजी, दुसऱ्या बाजूला इमामभाई. इमामभाईचं म्हणणं, आजोबांपासून या विहिरीवर आमचीही मोट चालते. भागूजी म्हणे, खोटं आहे, इमामभाईने आपल्या अंगाचा, म्हणजे बाजूचा, काठाचा दगड आत्ता आत्ता बसवला आहे. त्या कोरड्या मुलखात विहिरीतला वाटा म्हणजे काय, ते सांगायला नको. निकाल सोपा होता. मोटेचा दोर वर्षानुवर्षं घासला की काठाच्या दगडाला खाच पडते. खाच असेल तर हक्क जुना.

नेमके तेव्हा अण्णासाहेब हिवतापाने अंथरुणावर होते. ते मला म्हणाले, "विनायका, तू जा. मोजमापात तुझा हात धरणारा कुणी नाही. पण बोट लावून बघ." दोन्ही पक्षांनी मान्य केलं — साहेबांचा माणूस पाहील ते खरं.

मी गेलो. भागूजीने पिठलं-भाकरी खाऊ घातली. मग मी विहिरीचा घेर मोजला, खोली मोजली, भागूजीच्या अंगाच्या दगडावरची खाच पाहिली. पलीकडच्या, इमामभाईच्या बाजूला भांडण लागल्यापासून बाभळीच्या काट्यांची रास रचलेली होती. ती ओढून, काठावर ओणवं होऊन पाहावं लागलं असतं. ऊन चढलं होतं. परतीची सर्व्हिस मोटार सुटायची वेळ झाली होती.

"तिकडं काय बगायचंय, कारकूनसाहेब?" भागूजी म्हणाला. "कोरा दगड हाय. ढोरं पन हसतील त्याला."

मी हसलो — आणि परत फिरलो.

इमामभाई मला मोटारीपाशी भेटला. बाजारातून धावत आला होता, धापा टाकत होता.

"आमच्या अंगाचा दगड बगितला न्हवं?"

"बघितला."

"मंग झालं. तुमी बगितलं म्हंजी साहेबांनीच बगितलं."

मोटार सुटली नव्हती. मला उतरता आलं असतं.

नगरला अण्णासाहेबांनी तापातच विचारलं, "बोट लावलंस?" मी म्हणालो, "लावलं. दगड कोरा आहे." निवाडा झाला, इमामभाईची मोट बंदच राहिली. त्याने तक्रार केली नाही. "साहेबांच्या तोंडून आलं, आता काय बोलायचं," एवढंच म्हणाला. पुढे त्याचा मळा वाळला. त्याची दोन्ही मुलं देवळाली प्रवरेकडे उसाच्या कामाला गेली. ही बातमी मला कळत होती. मी काय केलं? दुसऱ्या कामाला लागलो.

मग एकदा दवाखान्याच्या कामासाठी अण्णासाहेब तिसगावला निघाले, मी बरोबर होतो. काम झाल्यावर ते म्हणाले, "ती विहीर बघून जाऊ." ते सरळ पलीकडच्या बाजूला गेले, काठीने काटे बाजूला सारले, गुडघे टेकले आणि दगडाच्या आतल्या कडेवर हात फिरवला. त्यांचं बोट खाचेत पेरभर आत गेलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी दोघांना चावडीवर बोलावलं, गाव गोळा झालं. सगळ्यांसमोर अण्णासाहेबांनी डोक्यावरचं पागोटं उतरवून हातात घेतलं. जिल्ह्याचे कलेक्टर ज्यांच्या घरी येत, तो माणूस उघड्या डोक्याने इमामभाईपुढे उभा राहिला. म्हणाले, "मी न बघता निवाडा दिला. चूक माझी आहे."

इमामभाईने माझ्याकडे पाहिलं. अण्णासाहेब पुढे सरकले, आमच्या दोघांच्या मधे. म्हणाले, "माणूस मी धाडला होता. त्याचे डोळे ते माझेच डोळे."

मी तिथेच होतो. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी पायांकडे पाहत राहिलो.

भागूजीने मान खाली घातली, मोट पुन्हा सुरू झाली. पण अण्णासाहेबांनी त्याच दिवशी जाहीर केलं की ते यापुढे पंच म्हणून बसणार नाहीत. रविवारी ओसरी रिकामी राहू लागली. लांबून आलेल्या गाड्या परत जात — आणि त्यांतली माणसं पुढे कोर्टात वर्षं काढत. अण्णासाहेब मला काही बोलले नाहीत. कामावरून काढलं नाही, पगार कापला नाही, माझ्या मुलीच्या लग्नात दिवसभर मांडवात बसले. फक्त त्यानंतर "पाहिलंस का?" असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. डोळे अधू झाले तरी प्रत्येक जागा स्वतः जाऊन पाहत.

हे मोठेपण कुठून येतं? इतकी वर्षं विचार करतो आहे. मला ते मोजता आलेलं नाही.

ते गेले. नगरात मोठी शोकसभा झाली. एका वक्त्याने पागोटं उतरवल्याची हकिकत सांगितली आणि म्हणाला, "त्यांचे कारकून इथे आहेत, ते तिथे हजर होते." सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी उभा राहिलो. कुणी काही विचारलंही नव्हतं, तरी मी म्हणालो, "हो. पाहण्यात अण्णासाहेबांची चूक झाली होती, आणि ती त्यांनी गावासमोर कबूल केली." माझा आवाज भरून आला. लोकांनी डोळे पुसले.

सभा उठली तेव्हा इमामभाई मला दिसला. सभेसाठी म्हणून तिसगावहून आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. गर्दीतून तो माझ्या अगदी जवळून गेला — सलाम न करता.

त्याने करायला नकोच होता.