खिशातला चष्मा

बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आहे. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेतल्या मास्तरांशी त्यांचं जमलं ते जेमतेम तीन वर्षं, आणि तेही दोन्ही बाजूंनी नाइलाजाने.

दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि खिळ्याखिळ्याला कागदी पट्ट्यांचा झुबका. मास्तर मापं वहीत लिहीत नाहीत. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की खाकी कागदाची लांब पट्टी त्याच्या अंगाला लावायची आणि कात्रीने तिला चिरा द्यायच्या. छातीला एक चीर, कमरेला दोन, बाहीला तिरकी. मग गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाची चिंधी पट्टीला टाचायची. नाव नाही, आकडा नाही. तीन वर्षांनी उगवलेल्या माणसाला ते बघताक्षणी विचारतात, "निळ्या चौकडीचा शर्ट ना?" आणि बरोबर त्याचीच पट्टी काढतात. लोक तोंडात बोटं घालतात. कुणी वाचायला कागद पुढे केला तर मात्र मास्तर खिसे चाचपतात. "चष्मा घरी राहिला बघा. हा नाकावरचा सुईत दोरा ओवायचा. वाचायचा वेगळा आहे." तो वेगळा चष्मा आजवर कुणी पाहिलेला नाही, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलेलं नाही.

खरी गोष्ट एवढीच, की मास्तरांना वाचता येत नाही. अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत, आकडे उलटेसुलटे होतात. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. ती असेपर्यंत घरातला कागद न् कागद तिने वाचला आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मास्तर मानत आले. सव्वा लाखाची मूठ झाकून ठेवायची तर तो हात आयुष्यभर दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्यांची लेक चौथीत असताना तिची अक्षरंही हलायला लागली. मास्तरांनी आठवड्यात ओळखलं. दुखणं घरचंच, ओळखायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी पोरीला आपली युक्ती शिकवली. आईने धडा मोठ्याने वाचायचा, लेकीने पाठ करायचा, आणि वर्गात ओळीवरून बोट फिरवत म्हणून टाकायचा. युक्ती चालली. मग एकदा शाळेतल्या बाईंनी तिला धड्याच्या मधूनच वाचायला सांगितलं आणि पितळ उघडं पडलं. बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. बाई भली होती. तिने विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?"

मास्तर म्हणाले, "छे हो. हिचं डोकंच दगड आहे."

लेक शेजारी उभी होती. ती दगड झाली ती तेव्हापासून. सातवीत शाळा सुटली आणि ती दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसली. भिंतीवरच्या पट्ट्या पाहून तिने बापाला विचारलं, "इथं वही नाही?" मास्तर म्हणाले, "बंद केली. तुला सोपं पडावं म्हणून." तोंडाला आलं ते बोलून गेले. पण पोरीने ते जपून ठेवलं. आज तिची चौतिशी उलटली, तरी काजं करता करता ती गिऱ्हाइकांना सांगते, "माझ्यासाठी बाबांनी वही सोडली. एवढं कोण करतं हो कुणासाठी?" मास्तर तेव्हा मशीन जोरात चालवतात.

तिचा नवरा दूरच्या बंदरावर कामाला, म्हणून ती आणि तिची आठ वर्षांची मुलगी मास्तरांकडेच राहतात. नातीचं घरातलं नाव गुंडी. गुंडी म्हणजे तिखट पोर. गिऱ्हाइकांच्या अशा नकला करते की हसून पोट दुखावं. तिचं स्वतःचं पोट मात्र रोज सकाळी, शाळेच्या वेळेला दुखायचं. सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही सापडलं नाही.

मग तिच्या बाईंनी निरोप धाडला. गुंडीला वाचायला उभं केलं, तेव्हा पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली गेली होती, आणि गुंडी समोर नसलेल्या, मधल्या पानावरचा धडा खाडखाड वाचत राहिली. बाई म्हणाल्या, "ती हुशार आहे आणि कष्टाळू आहे. तरी वर्षभर जिथल्या तिथंच आहे. एकदा मानसतज्ज्ञांकडून तपासून घ्या."

ही युक्ती गुंडीला कुणी शिकवली, हे सांगायला नकोच. कुलूपवाल्याची थोरली मुलगी धडा वाचायची, गुंडी पाठ करायची, आणि आजोबा शाबासकी द्यायचे.

"तपासणी-बिपासणी काही नको," मास्तर म्हणाले. "एकदा शिक्का बसला की पुसत नाही."

"माझ्यावर तपासणी न करताच बसला ना, बाबा?" लेक म्हणाली. "मी नेणार तिला."

मास्तर तिच्यामागून निघाले.

तपासणीच्या खोलीत एक बुटकं टेबल होतं, लाकडी ठोकळे होते आणि चित्रांचे पत्ते. तासाभराने गुंडी हसतच बाहेर आली. ठोकळ्यांची नक्षी तिने भराभर जुळवली होती. मग मानसतज्ज्ञ बाईंनी तिघांना आत बोलावलं. "आणखी दोन वेळा यावं लागेल, त्याआधी मी नक्की काही म्हणणार नाही. पण वेळेवर आणलंत."

"वेळ झाली, हे कसं ओळखायचं असतं?" लेकीने विचारलं.

"मूल झटतंय आणि तरी तिथंच अडकलंय. शाळेचं नाव काढलं की दुखणी येतात. आणि शिकण्यापेक्षा लपवण्यातच त्याचा जीव जातोय. एवढं दिसलं की थांबू नये." बाईंनी एक कागद ओढला. "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?"

"मला," लेक म्हणाली. "माझं डोकं मुळातच दगड. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझंच तिच्यात उतरलं." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"तुमच्या आधी कुणाला?"

"कुणालाच नाही. बाबांच्या डोक्याचं तर सगळा बाजार नाव काढतो."

बाईंनी कागद मास्तरांपुढे सरकवला. "आजोबा, तुमच्या पिढीचं तुम्ही भरता का?"

मास्तरांचे हात आपोआप खिशाकडे गेले. "चष्मा घरी राहिला."

"खिशातच आहे की!" गुंडीने हात घालून चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर चढवला. "सुईचा आहे, पण त्यातून सगळंच मोठं दिसतं. मी बघितलंय."

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. अक्षरं मोठी झाली होती आणि नेहमीसारखीच हलत होती. अजूनही निसटता आलं असतं. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणायचं, की झालं. पण समोर त्यांची लेक मनगटाने डोळे पुसत होती, आणि ते रडणं त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेलं होतं.

"मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून. हिच्याआधी मला आहे."

लेकीने मान वर केली. "माझ्या शाळेतल्या बाईंनी तुम्हाला हेच विचारलं होतं. मी तिथंच उभी होते."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती मानसतज्ज्ञ बाईंकडे वळली. "माझ्या वयाच्या बाईची करतात ही तपासणी?"

"करतात."

"मग माझं नाव लिहा. मी दगड आहे की नाही, ते मला कुणीतरी नीट बघून सांगायला हवंय."

बाईंनी नाव लिहिलं. गुंडीने पुन्हा ठोकळे काढले होते. लेक बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिली. मग बापाकडे न बघताच तिने हळू विचारलं, "पण बाबा, पट्ट्या? त्या तरी माझ्यासाठी होत्या ना?"

मास्तरांनी चष्मा काढला.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या जन्माआधीच्याही पट्ट्या आहेत. माळ्यावरच्या पेटीत."