बाबांची माकडटोपी आणि समुद्रातली बदकं

थंडीचे कपडे काढताना माकडटोपीचा डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि वीसेक वर्षांपूर्वीचा न्यू जर्सीचा किनारा आठवला. नागपूरहून आलेले बाबा एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये बसून कंटाळले होते. तिकीट प्रीपोन कर म्हणून रोज माझ्या मागे लागायचे. ऑफिसातला एक पक्षीवेडा सहकारी म्हणाला, समुद्रावर बदकं आलीत, वडिलांना घेऊन ये. बदकं म्हटल्यावर बाबांनी रात्रीच्या उरलेल्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून घेतल्या. तिथे वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बदकं होती लाटांच्या पार पलीकडे, नुसते काळे ठिपके. पोळ्या सीगल्सनी पळवल्या. "मग यांना खायला कोण घालतं?" बाबांनी विचारलं. "कोणी नाही. बुडी मारून शिंपले खातात," मी म्हणाले. मग त्यांनी सहकाऱ्याच्या दुर्बिणीला जो डोळा लावला, तो काढेचनात. बदक बुडालं की ते वर येईपर्यंत बाबाही श्वास रोखून धरायचे. "एवढ्या गारठ्यात इथे कशाला येतात गं?" "त्यांच्या घरी उत्तरेला याहून गारठा असतो, बाबा. त्यांना हे उबदार वाटतं. मार्चमध्ये जातात परत." बाबांनी टोपी कानांवर ओढली. "मग राहू दे ते तिकिटाचं. मीही मार्चलाच जाईन." ठरल्याप्रमाणे ते मार्चमध्ये नागपूरला परतले, टोपी इथेच राहिली. अजूनही मार्च आला की बदकं घरी जातात, आणि मी टोपी धुऊन पुन्हा डांबरगोळ्यांत ठेवते, पुढच्या थंडीसाठी.