सावडीतला माझा दिवस

डॉक्टर माझ्या आजाराविषयी माझ्या नवऱ्याशी बोलत होते. मी हातभर अंतरावर खाटेवर पडले होते. पाय गेले होते, कान शाबूत होते.

“ट्रान्सव्हर्स मायलायटिस,” ते म्हणाले. मग कागदावर पाठीचा कणा काढून त्यांनी समजावलं. मणक्यांच्या आतून मेंदूचे निरोप खाली नेणारी एक दोरी असते, तिला मज्जारज्जू म्हणतात. माझ्या त्या दोरीला मध्येच सूज आली होती. सुजेच्या खाली निरोप पोचत नव्हते, म्हणून पाय हलत नव्हते, चिमटा कळत नव्हता आणि लघवी आपली आपण होत नव्हती. औषधाने फरक पडेल, पण किती ते सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. आणि जाता जाता, “यांना आता शेतीचं काम विसरायला सांगा.”

ते शेवटचं वाक्य मी गाठीशी बांधून ठेवलं.

आमचं गाव विंझरच्या पुढे, आत डोंगराकडे. त्या वर्षी भाताची झोडणी नुकतीच आटोपली होती. दोन दिवस कणकण होती, ती मी अंगावर काढली. मग कमरेभोवती कुणी पट्टा आवळावा तसं वाटायला लागलं आणि पायांना मुंग्या आल्या. बायकांना काय, मुंग्या येतातच. सकाळी उठायला गेले तर पाय अंथरुणातच राहिले. वेल्ह्याच्या दवाखान्यात नळी घालून तुंबलेली लघवी काढली तेव्हा जीव भांड्यात पडला, आणि तिथूनच जीपने आम्हाला पुण्याला पाठवलं. तुमच्या घरात कुणाला अशी चिन्हं दिसली तर मुंग्या उतरायची वाट पाहू नका. चूल थांबते, सूज थांबत नाही.

पुण्यात एमआरआय झाला, स्टिरॉइडच्या सलाइनी लागल्या. डाव्या पायाचा अंगठा हलला तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी पेढे मागितले. तो अंगठा आजही तेवढाच हलतो. पेढे मात्र खाऊन झाले.

मग रिहॅबिलिटेशन, म्हणजे पुनर्वसन. हा शब्द आमच्या तालुक्यात धरणात गावं गेलेल्यांच्या तोंडी ऐकलेला. इथेही तेच होतं. होते त्या जागेवरून मला उठवलं होतं आणि नव्या जागी बसायला शिकवत होते. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकायचं, आपल्या हाताने नळी घालून लघवी काढायची. आणि प्रेशर सोअर, म्हणजे दाबाने होणारी जखम, तिला सांभाळायचं. जिथे कळत नाही तिथे बसल्या जागी मांस आतून कुजतं. म्हणून हातांवर जोर देऊन थोड्या थोड्या वेळाने बूड उचलायचं. हे मात्र मी कुणाशी न भांडता शिकले.

घरी आले आणि खुर्ची उंबऱ्यातच अडली. हॉस्पिटलात सगळं गुळगुळीत, आमच्याकडे दगड आणि चढ. मी ओसरीवर बसून राहिले. माणसं भेटायला येत, भाजी-भाकरी आणत. एका पाहुणीने माझ्यासमोरच माझ्या नवऱ्याला दुसऱ्या लग्नाचं सुचवलं. ह्यांनी तिच्या हातात तिची पिशवी दिली आणि एसटीची वेळ सांगितली. त्या माणसाचे उपकार सांगत बसले तर कागद पुरायचा नाही.

पण खरा घाव आषाढात बसला.

आमच्या वस्तीत भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. ज्याने जितके दिवस घेतले तितके फेडायचे. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरत नाही. पुरुष चिखल करतात, पण लावणी बायकांची, त्यामुळे आमच्या घरचा दिवस म्हणजे माझा दिवस. शेजारच्या चंद्राकाकू सावडीच्या पाळ्या ठरवत. त्या वर्षी त्यांनी सगळ्यांच्या आधी आमचं खाचर लावून दिलं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, कुणाचा दिवस कसा फेडायचा?

“तुमचा दिस आमी धरलाच न्हाई,” काकू म्हणाल्या. “राहू द्या. मंदीला बरं न्हाई.”

साऱ्या वस्तीला त्यात माणुसकी दिसली. होतीच ती. पण मी भिंतीकडे तोंड करून रडले. डॉक्टरांनी पाय गेल्याचं सांगितलं होतं. काकूंनी मला वस्तीच्या देण्याघेण्यातून उठवलं. ज्याचा दिवस कुणी धरत नाही, ते माणूस जिवंतपणी आठवणीत जमा होतं.

त्या पावसाळ्यातच पुण्याहून एक मॅडम यायला लागल्या. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या. कण्याच्या आजाराचे पेशंट घरी गेल्यावर त्यांचं पुढे काय होतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. विंझरला एसटीतून उतरून त्या चालत येत. साडी नेसता येते का, चहा करता येतो का, बाजाराला जाता का, असं विचारत. मी म्हटलं, चहा येतो, पण माझं काम लोक घेतात का ते विचारा ना.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला स्वतःला काय करायचंय?”

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “काकूंच्या शेतात रोप काढायचंय.”

लावणीआधी वाफ्यातलं रोप उपटून त्याच्या मुठी बांधाव्या लागतात. हे काम सगळ्याच बायका बसून करतात. त्याला पाय लागत नाहीत, हात लागतात. मॅडम आधी नाहीच म्हणाल्या. ओल, चिखल, त्यात जखम झाली तर महिनोन् महिने पालथ्या पडाल, मग सावडही नाही आणि चूलही नाही. रागाने बोलल्या, पण खरं बोलल्या. पुढच्या खेपेला मात्र स्वतःच म्हणाल्या, बघू या.

ह्यांनी चिखलात सरकेल अशी रुंद फळी केली. नसरापूरच्या पंक्चरवाल्याकडून टायरची जुनी ट्यूब आणली, ती फळीवर बांधली, वर प्लॅस्टिक. परसात चिखल करून पहिल्यांदा बसले तर ट्यूब इतकी फुगलेली की मी टुणकन उलटले, आणि मला धरायला आलेल्या मॅडमही. दोघी म्हशींसारख्या लोळलो. मग हवा कमी केली. दहा मुठी झाल्या की बूड उचलायचं, असा नेम ठरला. संध्याकाळी आरशात पाहायचं, लाल डाग दिसला आणि तो लवकर गेला नाही तर काम बंद. हा नेम तुम्हीही पाळा. हट्ट करा, पण आरसा घेऊन करा.

पुढच्या आषाढात काकूंची पाळी आली त्या सकाळी ह्यांनी मला पाठुंगळीला घेतलं आणि बांधाबांधाने नेलं. काकू आडव्या आल्या.

“मंदे, घरी जा. लोकं आमाला नावं ठिवतील, लुळ्या बाईला राबवली म्हून.”

“काकू, तुमी माझ्या खाचरात वाकलात. आता मला तुमच्यात बसू द्या,” मी म्हटलं. “माझा दिस धरणार नसाल तर औंदा माझी लावणी बी करू नका.”

ह्यांच्या पाठीला दचका बसला तो मला छातीशी कळला. आमचं वर्षाचं भात त्या एका खाचरात होतं आणि मी ते पणाला लावलं होतं.  काकू वाटेतून बाजूला झाल्या.

मी फळीवर बसले आणि रोप उपटायला लागले. सगळ्या बसलेल्याच होत्या. रस्त्याने जाणाऱ्याला आमच्यातली कोण चालत नाही ते सांगता आलं नसतं. मग बाकीच्या लावणीला उठल्या, मी वाफ्यातच राहिले. आधी त्या माझ्याकडे सारख्या बघत होत्या, गोड बोलत होत्या. दुपारपर्यंत कंबरा मोडल्या आणि गोडवा संपला. वरच्या खाचरातून काकूंचा आवाज आला.

“ए मंदे, हितं रोप सरलं की! बसून ऱ्हायलीस व्हय? हात चालीव!”

 काकूंनी जीभ चावली. मी इतक्या जोरात हसले की हातातली मूठ सुटली, आणि मग त्याही हसल्या.

मॅडमनी नंतर विचारलं, कसं झालं? म्हटलं, शिव्या खाल्ल्या, लिहून घ्या. त्यांनी खरंच लिहून घेतलं. त्यांचे, ह्यांचे आणि त्या डॉक्टरांचेही आभार मानते. डॉक्टरांनी आजार बरोबर ओळखला होता. मला ओळखलं नव्हतं इतकंच.

तुमच्यावर ही वेळ आली तर लोक माया करतील. ती घ्या, पण तिच्या बदल्यात आपली पाळी देऊ नका.

त्या संध्याकाळी ह्यांनी मला पाठीवर घेतलं तेव्हा काकू बांधावर पाय धूत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “मंदीचा एक दिस फिटला. दुसरा परवा, माझ्या धाकट्या जावंकडं. उशीर करू नगंस.”