वनजाच्या बाईंचं राहिलेलं कुंकू

कन्नड मुलखातल्या हूटगळ्ळीची वनजा हिब्रू शिकत होती. इस्रायलला जाऊन म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ-माखू घालायचं काम धरायचं, त्यासाठी. पण सासू गोदावरीबाईंनी नातलगांत सांगून ठेवलेलं, 'आमची सून जुने ग्रंथ वाचायला शिकतेय.' एके काळी राजाच्या फौजेत असलेलं मराठी घराणं ना, दुसऱ्याचं हगणं-मुतणं काढणार म्हणून कसं सांगायचं? वनजाही गप्प बसली. खरं सांगायचं तर तिला ते गोडच लागलं.

शिकवायच्या कमलाक्षीबाई. त्यांनी तिकडं एका आज्जीला वर्षानुवर्षं सांभाळलेलं. म्हणायच्या, 'घोकू नको गं. शब्दाची हाडं तीन, ती धर. ल-ब-श. लावाश म्हणजे नेसला, इथं ब चा व होतो. हिलबीश, दुसऱ्याला नेसवलं. हितलाबेश, आपलं आपण नेसला. हाडं तीच, वरचा साज बघ. नवा शब्द आला तरी साजावरून ओळखशील.' वनजाला ते भराभर जमायला लागलं.

श्रावणातल्या शुक्रवारी घरी हळदीकुंकू. वनजा मध्ये बसून हाडं नि साज समजावतेय, बायका तोंडात बोटं घालून ऐकतायत. नात्यातली सरस्वतीकाकू म्हणाली, 'आमची पोरं कन्नड धड वाचत नाहीत, आणि ही बघा.' तेवढ्यात दारात कमलाक्षीबाई. बसनं आलेल्या, घामाघूम.

'कोण गं ह्या?' काकूनं विचारलं.

वनजाच्या तोंडून निघून गेलं, 'हप्पळ विकतात. पापड.'

कमलाक्षीबाई थबकल्या. मग म्हणाल्या, 'ऊन कुठं आहे अक्का, वाळलेच नाहीत. पुढच्या वेळी आणीन.' आणि वळल्या. शुक्रवारची दारात आलेली सवाष्ण, कुंकवाशिवाय गेली. वैऱ्याच्या बायकोलाही कुणी असं पाठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वनजा हळदीकुंकवाचं ताट घेऊन क्लासला गेली. मान वर होईना. 'चुकले बाई. कुंकू लावू द्या.'

'इथं बेडा, नको,' बाई म्हणाल्या. 'इथं मी कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. परीक्षा सोमवारी आहे, तेच सांगायला आले होते. बस, शब्द वाच.'

वनजानं साज बरोबर ओळखला. बाई नेहमीसारख्याच 'सरी, बरोबर' म्हणाल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं झालं तिला.

घरी येऊन तिनं ते ताट सासूपुढं ठेवलं. 'आत्याबाई, येत्या शुक्रवारी त्याच बायकांना बोलवा. बाईंना बोलवायला मी जाते. कसल्या कामाला चाललेय, तेही मीच सांगते.'

'लोक काय म्हणतील?'

'म्हणू देत लोक,' वनजा म्हणाली. 'बाई ह्या घराची पायरी चढतील का, ते सांगा मला.'

गोदावरीबाईंनी ते ताट उचलून देवापुढं ठेवलं, शुक्रवारसाठी.