तांबोशीच्या मापाचा ब्लाउज

आमच्या मास्तरांनी जन्मभर बायकांचे ब्लाउज शिवले, पण गुरुवारी कोणी त्यांना धंदा विचारला असता तर त्यांनी बेधडक मासेमारी सांगितली असती. गुरुवारी त्यांचं सिल्व्हर पार्कातलं दुकान बंद असे. एखादी नवी गिऱ्हाईक बाई गुरुवारचा वायदा मागू लागली, की ते टेप गळ्यात नीट करत शांतपणे म्हणत, "भाभी, गुरुवार को नहीं मिलेगा. गुरुवार को दरिया है." बाई गोंधळून आमच्याकडे बघायची आणि आम्ही जुन्या गिऱ्हाइकांनी हसू दाबायचं, हे ठरलेलं होतं.

परळहून आम्ही पूनम सागर सोसायटीत राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. नव्या शाळेचा पिनाफोर शिवायला आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली, आणि तेव्हापासून मी त्यांच्या मापाच्या वहीत वाढले. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यात एक पान होतं. माप बदललं तर जुना आकडा खोडायचा नाही, त्याच्या डोक्यावर नवा लिहायचा, ही त्यांची पद्धत. कापताना सगळ्यात वरचा आकडा धरायचा. खोडलं की माणूस कुठून कुठे आलं ते कळत नाही, असं ते म्हणत. आई त्यावर म्हणे की कंबरेच्या बाबतीत ते न कळलेलंच बरं.

मास्तर पेणच्या खाडीकडचे. त्यांच्या आजोबांनी म्हणे गरीवर, म्हणजे गळाला, दोन हात लांबीचा जिताडा मासा धरला होता, आणि त्यानंतर घराण्यात कोणाला तो योग आला नव्हता. तो आपण आणायचा, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मास्तरांनी बाळगली. दर गुरुवारी भाईंदरहून उत्तनची बस धरून ते डोंगरी गावाला उतरत, खडकावर बसत आणि संध्याकाळपर्यंत गरवत. कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. "मशीनवर हात चालतात, पाय चालतात, डोळे चालतात," ते म्हणाले. "तिथे काहीच चालत नाही. फक्त मी असतो आणि दोरा असतो, आणि त्या दोऱ्याची कोणाला घाई नसते."

गंमत अशी, की त्यांच्या घरी गुरुवार कडक. बायको त्या दिवशी मासा उंबऱ्याच्या आत घेत नसे. म्हणून जे काही मिळे ते मास्तर डोंगरीच्या एका म्हातारीला देऊन टाकत. तिने त्यांना एकदा तोंडावर सांगितलं होतं, "मास्तर, तुला मासं खायाचं न्हाय, मंग पकडतोस कशाला?" पण देण्याआधी ते गळ्यातली टेप काढून मासा मोजत आणि शुक्रवारी दुकान उघडलं की पहिल्यांदा ते माप वहीत टिपून ठेवत. वही एकच होती. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या मध्ये मध्ये शिंगाळे, पालू, तांबोशी असे मासे राहायला आले होते. माशाचं वर्णनही ते शिंप्याच्याच भाषेत करत, खांद्यात भरलेला, शेपटीकडे चुणी घेतलेला. आईला हे अजिबात पसंत नव्हतं. गुरुवारी दुकान बंद ठेवलंत तर ब्लाउज दुसरीकडे टाकीन, अशी धमकी तिने दहा वर्षं दिली आणि दहा वर्षं शुक्रवारी त्यांच्याकडेच गेली.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने तिची पैठणी मला दिली. तिचा ब्लाउजपीस तिने स्वतः कधी शिवला नव्हता, घडीत तसाच जपून ठेवला होता. त्या रंगाचं दुसरं कापड कुठे मिळणं शक्य नव्हतं. बुधवारी मास्तरांनी माझं माप घेतलं. लग्नाला आठ दिवस उरले असताना मी ब्लाउज घालून पाहायला गेले, पडद्याआडून बाहेर आले, आणि आईचा चेहरा पांढरा पडला. ब्लाउज चांगला तीन इंच वर होता.

मास्तरांनी वही उघडली. माझ्या पानावर बोट ठेवलं. माझ्या ब्लाउजची उंची चौदा होती. त्या चौदाच्या डोक्यावर अकरा लिहिलेलं होतं. बुधवारी माझं पान उघडंच राहिलं होतं आणि शुक्रवारी त्यावरच टिपण झालं होतं. कापायला घेताना त्यांना वाटलं, हल्लीच्या मुलींना आखूड लागतो, बदललं असेल मन.

"पोरी, हे तुझं नाही," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "हे तांबोशीचं आहे."

मला हसू फुटलं. आईला रडू. मास्तरांना दोन्ही आलं नाही. त्यांनी पैठणी मागवली, कमरेला आत खोचलं जातं त्या टोकाची काठासकट पट्टी कापली आणि ब्लाउजच्या खाली अशी बेमालूम जोडली, की लग्नात माझ्या तीन मैत्रिणींनी ही डिझाइन कुठली म्हणून विचारलं. आईसुद्धा मऊ झाली. पण मास्तर लग्नाला आले, लांबून अक्षता टाकून गेले, आणि पुढच्या गुरुवारी त्यांनी दुकान उघडलं.

मग दर गुरुवारी उघडू लागले. गरीचं रीळ दुकानातल्या खुंटीवर टांगलं गेलं. बायका आधी खूश झाल्या. मास्तरांचे वायदे चुकेनात, माप तिळभर हलेना, आणि तोंडातून शब्द निघेना. पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा आई स्वतःहून म्हणाली, "शिलाई तीच आहे गं, पण त्या दुकानात बसवत नाही." मला फार वाईट वाटलं. माझ्या एका ब्लाउजपायी एका माणसाचा समुद्र सुटला होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आईने कोपऱ्यावरून शंभर पानी वही घेतली, वर ठळक अक्षरात 'फक्त मासे' असं लिहिलं आणि ती मशीनवर नेऊन ठेवली.

"उद्या दुकान उघडं दिसलं," आई म्हणाली, "तर मी ब्लाउज दुसरीकडे टाकीन."

गुरुवारी मी मुद्दाम तिकडून गेले. शटर खाली होतं. मला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी मास्तर पेणला गेले, कायमचे. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाला होता. जुनी वही त्यांनी पान पान करून सोडवली आणि ज्याचं त्याला देऊन टाकली. माझं पान माझ्या कपाटात, त्या पैठणीच्या घडीत आहे. निघताना बरोबर मशीन नेलं नाही, रीळ आणि नवी वही नेली.

गेल्या महिन्यात त्यांचा फोटो आला. अंगणात केळीच्या पानावर पसरलेला जिताडा आणि त्याच्या अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत तीच पिवळी टेप. खाली आवाजातला निरोप होता. "पोरी, उंची तेहतीस. काळजी करू नको, नव्या वहीत लिहिलंय."

मी निरोप आईला ऐकवला. तिने तो तीनदा ऐकला. मग मी कपाट उघडलं, माझं पान काढलं आणि पेन घेतलं. चौदावर अकरा होतं. काहीही न खोडता मी त्या अकराच्या डोक्यावर तेहतीस लिहिलं.