गाळलेले चौथे शील

गेल्या वर्षावासातल्या एका पौर्णिमेला भोंगवलीच्या विहारात माझ्या वडिलांनी पंचशील म्हणताना चौथे शील गाळले. चौथे शील खोटे न बोलण्याचे असते. वडील पुढे म्हणतात आणि बाकीचे मागून म्हणतात, त्यामुळे सगळा विहार तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर, म्हणजे दारू न पिण्यावर गेला.

आईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मी त्याच दुपारी भोरहून आणला होता. तो वाईट होता. पौर्णिमा झाल्यावर सांगायचे, असे आम्ही बापलेकांनी ठरवले होते. तोवर "काय न्हाई निघालं" हे तिला वडिलांनीच सांगितले होते.

"दादा, एक शील खाल्लंत की!" मागून कोणीतरी म्हणाले. लोक हसले.

आई हसली नाही. तिने चौथे शील एकटीने, मोठ्याने म्हटले. तिच्यामागून सगळ्यांनी म्हटले, वडिलांनीही.

"आता सांगा," ती त्यांना म्हणाली, "रिपोर्टात काय आलंय?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघे पुण्याच्या हॉस्पिटलला गेलो.