सात नंबरचा दिवा

१४ नोव्हेंबर २०२२. रुपये आठ हजार सहाशे चाळीस. एवढे रोख मोजून सिद्धोधनमामांनी चंद्रपूरकडच्या एका भंगारवाल्याकडून चोवीस जुने कॅप-लॅम्प उचलले आणि पोत्यांत भरून चारठाण्याला आणले. कॅप-लॅम्प म्हणजे खाणकामगाराचा दिवा. टोपीला पुढे दिवा, कमरेला विटेएवढी बॅटरी, मधे काळी केबल.

पोती पाहून मनिषामामींनी कपाळाला हात लावला. "एकतीस वर्षं खाणीत दिवेच पुसले, आता घरीबी तेच करायलात का?"

"तिथं कोळसेवाले वापरत होते, हितं हरभरेवाले वापरतील," मामा म्हणाले.

मामांनी हे उगाच म्हटलं नव्हतं. गावाच्या फिडरवर शेतीची लाइट तीन दिवस रात्री दहा ते सहा, मग चार दिवस दिवसा, असा फेरा. रात्रीच्या पाळीला हरभऱ्यात पाणी फिरवायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत, आणि पायाखाली काय वळवळतंय तेही दिसायला हवं. बाजारातली डोक्याची बॅटरी दोन महिन्यांत मान टाकायची.

चोवीसांतले पंधरा दिवे मामांनी उठवले. बाकीचे नऊ सुट्या भागांसाठी ठेवले. बसस्टँडमागच्या दुकानात फळीवर बॅटऱ्या ओळीने मांडल्या, वर पांढऱ्या रंगाने नंबर टाकले. बॅटरी आली की आधी फडक्याने पुसायची, टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्याने काढायची, बूच उघडून पाणी बघायचं. पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच घालायचं. बोरचं घातलं की बॅटरी मेली. या भागातल्या बोरच्या पाण्याने चहाच्या पातेल्यालासुद्धा खरपुडी धरते. मग बारा तास सावकाश चार्जिंग. शेवटी काचेची नळी तेजाबात बुडवून आतला तरंगता काटा कुठवर येतो ते पाहायचं. काटा खुणेला टेकला, की तो दिवा बारा तास जळणार. मामा हे घड्याळाकडे न बघता सांगायचे.

एका चार्जिंगचे दहा रुपये. याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बिल्ल्याची. ज्याला त्याला ठरलेला नंबर आणि त्या नंबरचा पितळी बिल्ला. दिवा नेताना बिल्ला खिळ्याला अडकवायचा, सकाळी नऊच्या आत दिवा स्वतः आणून द्यायचा आणि बिल्ला घेऊन जायचा. दुसऱ्याच्या हाती दिवा पाठवलेला चालायचा नाही. उशीर झाला तर दहा रुपये जास्त. खाणीतल्या लॅम्परूमची हीच रीत होती. पाळी सुटल्यावर खिळ्यावर एक जरी बिल्ला उरला, तरी एक माणूस वर यायचा राहिला असं धरून शोध सुरू व्हायचा.

"मामा, ही काय खाण हाय का?" सात नंबरवाला बजरंग भर दुकानात म्हणायचा. "माझ्या रानात कोळसा लागला तर पयला तुमालाच सांगतो!"

"कोळसा राहू दे. दिवा कुठंय?"

"एका चार्जिंगवर दोन राती काढायलोय. तुमचंच नाव मोठं करायलोय की!"

"बॅटरी तळापर्यंत पिळून तशीच ठेवली की आतून दगड होती, बाबा. तुझी एक चक्कर वाचती, माझे दिव्याचे तीनशे साठ जातात."

बजरंग हसायचा, उशिराचे दहा टेकवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करायचा. जानेवारीत त्याची बॅटरी खरोखर खंगली. मामांनी ती तीन दिवस मंद चार्जिंगवर ठेवून काटा पुन्हा खुणेवर आणला आणि दिवा त्याच्या हातात देताना म्हणाले, "आता हिला माणसावानी वागव."

त्यानंतरच्या रात्रपाळीची ती शेवटची रात्र. सकाळी नऊ वाजले. चौदा बिल्ले गेले, सातचा खिळ्यावर लटकत राहिला.

"दुसऱ्या रातीसाठी दाबून ठेवला आसंल," शेजारचा शिंपी मुंजाजी म्हणाला. "बजऱ्याची खोडच हाय ती."

मामा फळीवरचं फडकं घडी करत होते. त्यांचा हात थांबला. "मुंजाजी, आजपासून लाइट कधी हाय?"

"दिवसा. चार दिस."

"मग दुसऱ्या रातीसाठी तो दिवा कामून ठेवील?"

मुंजाजीने तोंडातली सुई काढून ठेवली. बजरंगची बायको बबिता लेकरांना घेऊन माहेरी सोनपेठला गेली होती. बजरंगला फोन लावला तर बंद. मामांनी दुकानाला कुलूप घातलं.

"मामा, झोपला आसंल आखाड्यावर. लोक हसतील."

"हसू दे. गाडी काढ. दहाला लावला आसंल तर दहापर्यंत जळंल. आपल्याकडं पाऊण तास हाय."

बजरंगच्या रानातल्या आखाड्यावर, म्हणजे खोपीत, कोणी नव्हतं. बाजेवर घोंगडी तशीच पडलेली. हाका मारल्या, ओ आली नाही. मुंजाजी तुरीच्या कडेने धावला. मामा मात्र सरळ विहिरीकडे गेले. काठावर झुडपं माजलेली, आत भर दिवसा अंधार. खाली काहीच दिसेना. मग पाण्याच्या वर, कपारीच्या ओल्या दगडावर, एक पिवळट ठिपका हलला.

"मुंजाजी! दोर आण! बाजबी आण!"

मोटारीच्या पाइपाच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमधला कचरा काढायला बजरंग पहाटे चार वाजता खाली उतरला होता. पाय सटकला, नडगी मोडली, फोन पाण्यात गेला. ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा गाडीचा आवाज ऐकून त्याने मान हलवायला सुरुवात केली. शेजारच्या रानातली चार माणसं जमली, बाजेच्या चारी कोपऱ्यांना दोर बांधून त्याला वर घेतलं. दिवा तांबूस झाला होता, पण जळत होता. मामांनी आधी बजरंगच्या तोंडाला पाणी लावलं, मग दिव्याचं बटण बंद केलं.

"मामा," बजरंग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कोळसा न्हाई लागला."

"गप पड."

परभणीला पायात सळई बसली. आठवड्याने बबिता पाचशेची नोट घेऊन दुकानात आली. मामांनी ती तिच्या हातात परत कोंबली. "पोरी, पाचशे कशाचे? उशिराचे दहा झाले फकस्त. आन् तेबी ज्याचा बिल्ला त्यानंच आणायचे."

त्या दिवसापासून बिल्ल्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. उलट नव्या चारजणांनी नंबर मागून घेतले आणि मामांनी सुट्या भागांतून आणखी चार दिवे उभे केले. सात नंबरची बॅटरी पूर्ण चार्ज होऊन फळीवर आहे. तिचा बिल्ला खिळ्यावर आहे.

बजरंगकडून दहा रुपये येणे बाकी आहेत.